घरासाठी कॉम्पॅक्ट एसयूव्ही: शोरूमची पायरी चढण्याआधी वहीत करायचा हिशोब



दुकानात नवीन मशीन घ्यायचं असेल तर आपण काय करतो? चार ठिकाणी भाव काढतो, दिवसाला किती काम निघेल ते विचारतो, वीज किती खाईल ते बघतो, स्पेअर पार्ट गावात मिळतात का याची खात्री करतो. दीड लाखाच्या मशीनसाठी आपण दोन महिने घेतो. पण बारा लाखांची गाडी मात्र पाडव्याच्या आधीच्या रविवारी, एका टेस्ट ड्राइव्हमध्ये, रंग आवडला म्हणून ठरते. असं का होतं? कारण मशीन 'धंद्याचं' असतं आणि गाडी 'घरची' असते. पण लक्षात घ्या, दोन्हीचे पैसे एकाच गल्ल्यातून जातात.

आजचा धडा असा, की घरची गाडीसुद्धा मशीनसारखी पारखायची. विषय घेतलाय कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा, कारण दुकानदार आणि छोटे व्यावसायिक सगळ्यात जास्त याच गाड्यांबद्दल विचारतात. 'कोणती घेऊ?' याचं एका शब्दात उत्तर इथे मिळणार नाही. पण तुमच्यासाठी कोणती आणि तुम्हाला परवडेल का, हे तुम्ही स्वतः काढू शकाल. वही, पेन, कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

पायरी १: आधी आठवडा मोजा, मग गाडी

सात दिवस एका वहीत प्रत्येक फेरी लिहा. कुठून कुठे, किती किलोमीटर, गाडीत किती माणसं, सोबत काय सामान, रस्ता कसा. बास, एवढंच.

व्हिडिओत फळ्यावर मांडलेलं उदाहरण इथेही घेऊ. समजा साताऱ्यात एक हार्डवेअरचं दुकान आहे. घरात पाच माणसं: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि आई. त्यांची वही अशी दिसते:

- रोज शाळा, दुकान, बाजार मिळून १४ किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३६४ किलोमीटर. गाडीत एक किंवा दोन माणसं.
- दर रविवारी गावाकडे जाऊन-येऊन ७० किलोमीटर. चार रविवारांचे २८०. गाडीत पाचही जण.
- महिन्यातून एकदा पुण्याला, खंबाटकी घाट पार करून, जाऊन-येऊन साधारण २३०. गाडीत तीन-चार जण आणि सामान.
- किरकोळ २६.

झाले ९०० किलोमीटर. आता या वहीकडे नीट बघा. सगळ्यात जास्त वेळा होणारी फेरी कोणती? गर्दीतली, दोन माणसांची, पहिल्या-दुसऱ्या गिअरची. आणि सगळ्यात अवघड फेरी कोणती? पाच माणसं, एसी चालू, सामान भरलेलं, समोर चढ.

या दोन फेऱ्यांतून नियम निघतो. गाडी रोजच्या फेरीला सोयीची हवी आणि सगळ्यात अवघड फेरीला पुरेशी हवी. मधल्या फेऱ्या आपोआप निभावतात. वर्षातून एकदा होणाऱ्या गोवा ट्रिपसाठी गाडी निवडू नका. त्या चार दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने मिळते.

पायरी २: कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे नेमकं काय विकत घेतोय?

या गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत का असते, माहीत आहे? ब्रेझा ३,९९५ मिलिमीटर, नेक्सॉन ३,९९५, कायलॅक ३,९९५, एक्सयूव्ही ३एक्सओ ३,९९०. हा योगायोग नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. तेव्हापासून कंपन्या या फुटपट्टीत बसणाऱ्या गाड्या बनवतात. म्हणजे तुमच्या पार्किंगपेक्षा सरकारच्या कररचनेचा हात या लांबीत जास्त आहे.

आजही तो हिशोब चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या गाडीला पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के जीएसटी लागतो. यातली एक जरी अट मोडली तरी ४० टक्के. म्हणून १,१९९ सीसीची पेट्रोल नेक्सॉन १८ टक्क्यांत बसते, आणि तेवढ्याच लांबीची १,४६२ सीसीची पेट्रोल ब्रेझा ४० टक्क्यांत जाते. याचा अर्थ ब्रेझा वाईट असा नाही. अर्थ एवढाच, की दोन गाड्यांची किंमत सारखी दिसत असेल तर त्यातला गाडीचा भाग किती आणि कराचा भाग किती, हे वेगळं असू शकतं.

आता या गाडीतून आपल्याला खरोखर काय मिळतं? तीन गोष्टी. सीट उंच असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसता-उठता सोपं जातं. जमिनीपासून अंतर जास्त असतं, नेक्सॉनला २०८ मिलिमीटर, कायलॅकला १८९. त्यामुळे गावाकडच्या गतिरोधकांवर पोट घासत नाही. आणि डिकी साधारण छोट्या हॅचबॅकपेक्षा मोठी असते.

काय मिळत नाही, तेही लिहून ठेवा. बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. ती जीप नाही, चिखलातून बाहेर काढेल अशी अपेक्षा ठेवू नका. उंच आहे म्हणून पुराच्या पाण्यातही घालू नका. पाणी इंजिनात गेल्यावर पुन्हा स्टार्टर मारला, तर होणारं नुकसान साध्या विम्यात धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि लांबी वाचवली तशी रुंदीही मर्यादित आहे. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं पुण्यापर्यंत खुशीत जातील, असं गृहीत धरू नका.

तुमच्या वहीत पाच माणसांची फेरी महिन्यातून एकदाच दिसत असेल आणि रस्ते चांगले असतील, तर साधी हॅचबॅकही यादीत ठेवा. दोन-तीन लाख रुपये वाचले तर ते दुकानात काम करतील.

पायरी ३: टेस्ट ड्राइव्ह म्हणजे घरच्यांची परीक्षा

शोरूमचा माणूस तुम्हाला रिकाम्या सपाट रस्त्यावर, एकट्याला, दहा मिनिटं फिरवून आणतो. त्यात फक्त हॉर्न कळतो! तुम्ही फोन करून आधीच सांगा, 'आम्ही सगळे येणार आहोत, अर्धा-पाऊण तास लागेल.' गाडी विकायची असेल तर ते नाही म्हणत नाहीत.

मग हे करा:

- आईंना मागच्या दारातून स्वतः आत बसू द्या, मदत न करता. साडी नेसून उंबऱ्यावरून पाय आत जातो का? उतरताना कशाला धरतात? त्यांच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं.
- मागे तिघांना बसवा आणि मधल्याला विचारा. पायाशी उंचवटा किती आहे? डोक्याला टेकू आहे का? पट्टा खांद्यावरून येणारा आहे ना?
- लहान मुलाची सीट असेल तर सोबत न्या आणि आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवून बघा. सीट लावल्यावर शेजारी दोघं मावतात का?
- डिकीत तुमच्याच बॅगा ठेवून बघा. लिटरचे आकडे उपयोगी आहेत, कायलॅक ४४६, नेक्सॉन पेट्रोल ३८२, ब्रेझा ३२८. पण डिकीचा ओठ किती उंच आहे आणि जड पिशवी किती उचलावी लागते, हे कोणत्याही माहितीपत्रकात नसतं.
- सगळे बसलेले असताना एसी लावा आणि जवळच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. मग मोठ्या गतिरोधकावरून न्या. मागे बसलेल्यांची पाठ काय म्हणते ते विचारा.
- तुमच्या गल्लीत आणा. एकदा वळवा, एकदा मागे घेऊन लावा. शक्य असेल तर अंधार पडल्यावर हेडलाइटही बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जो रोज चालवणार आहे त्यानेच चालवून बघायचं. आपल्या उदाहरणात शाळेची फेरी वहिनी करतात. मग क्लच किती जड आहे, सीट पुरेशी वर येते का, बॉनेटची कड दिसते का, हे त्यांनी ठरवायचं. दादांनी नाही.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर एक फरक समजून घ्या. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअरचं काम यंत्र करतं. स्वस्त पडते, मायलेजही जवळपास तेवढंच, पण गिअर बदलताना किंचित झटका जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टर जास्त मऊ चालते, किंमत जास्त आणि गर्दीत पेट्रोलही थोडं जास्त. दोन्ही चालवून बघा आणि झटका चालतो की नाही, ते रोज बसणाऱ्याला विचारा.

पायरी ४: सुरक्षितता, तारे आणि पट्टा

भारत एनकॅप ही आपली स्वतःची अपघात-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक देऊन बघतात, बाजूनेही चाचणी होते. मोठ्यांचे ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी गुण देतात. या वर्गातल्या नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ आणि कायलॅक यांना पाच तारे मिळालेले आहेत.

तारे बघाच, पण दोन प्रश्न पुढे विचारा. एक, चाचणी झालेल्या व्हेरिएंटमध्ये असलेली सुरक्षा तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटमध्ये आहे का? दोन, मुलांचे गुण किती? तारे सगळ्यांना सारखे दिसतात, गुणांत फरक असतो.

आणि तारे कितीही असोत, मागचा पट्टा लावला नाही तर उपयोग नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते चांगल्या महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्याने पट्टा लावणं हा आपल्याकडे कायदा आहेच. पण घरात तो नियम तुम्ही केलात तर तो पाळला जातो. पाच सीट म्हणजे पाच पट्टे, म्हणजे पाच माणसं. मांडीवर सहावा नको.

पायरी ५: पेट्रोल, सीएनजी की डिझेल?

इथे भावना नको, भागाकार हवा. खालचे दर उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे आजचे दर टाका. मायलेज कंपनीचं नको, तीच गाडी वापरणाऱ्या दोन-तीन ओळखीच्यांना विचारून घ्या.

- पेट्रोल: १०४ रुपये लिटर, १३ चं मायलेज. किलोमीटरला ८ रुपये.
- सीएनजी: ९० रुपये किलो, २० चं मायलेज. किलोमीटरला साडेचार रुपये.
- डिझेल: ९१ रुपये लिटर, १७ चं मायलेज. किलोमीटरला सुमारे ५ रुपये ३५ पैसे.

सीएनजी गाडी ९५ हजारांनी महाग आहे असं धरू. किलोमीटरमागे साडेतीन रुपये वाचतात. महिना ९०० किलोमीटर म्हणजे ३,१५० रुपयांची बचत. ९५ हजार वसूल व्हायला ३० महिने. ठीक आहे. पण महिन्याला ४०० किलोमीटरच चालत असेल तर बचत १,४०० रुपये आणि वसुलीला ६८ महिने! तोवर गाडी बदलायची वेळ आली.

डिझेल दीड लाखाने महाग धरलं तर ९०० किलोमीटरला महिन्याला साधारण २,४०० रुपये वाचतात, वसुलीला पाच वर्षांहून जास्त. शिवाय बीएस६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ सलग तापून चालावी लागते. रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. म्हणजे महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर हायवे असेल तरच डिझेलचा विचार करा.

सीएनजीत डिकी जाते ही तक्रार खरी आहे, पण सगळीकडे सारखी नाही. एक मोठी टाकी डिकीत असेल तर बॅगा मावत नाहीत. दोन लहान टाक्या खाली बसवलेल्या असतील तर जागा उरते. सीएनजी नेक्सॉनमध्ये ३२१ लिटर डिकी मिळते. आणि एक गोष्ट वहीत लिहा: तुमच्या गावात पंपावर रांग किती असते? रोज अर्धा तास रांगेत जात असेल तर दुकानदाराच्या वेळेलाही किंमत आहे.

पायरी ६: पाच वर्षांचा खरा खर्च

आता मुख्य हिशोब. एक्स-शोरूम १०,२०,००० ची पेट्रोल गाडी घेऊ. वैयक्तिक नावावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के रोड टॅक्स आहे. म्हणून १,२२,४०० रुपये. विमा ४५,००० धरा. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, १०,२००. किरकोळ २,४००. ऑन-रोड झाली १२ लाख. टीसीएस रिटर्न भरताना वजा करता येतो, त्याची पावती सांभाळा. एक गंमत बघा, एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या जराशी खाली असलेलं व्हेरिएंट घेतलं तर रोड टॅक्सचा दर कमी लागतो आणि टीसीएस लागतच नाही.

३ लाख डाउन पेमेंट, ९ लाख कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता १८,६८३ रुपये. एकूण व्याज सुमारे २,२१,०००.

पाच वर्षांत ५४,००० किलोमीटर. खर्च असा:

- किमतीतली घट: १२ लाखांची गाडी साडेपाच लाखांना गेली असं धरू. ६,५०,०००
- व्याज: २,२१,०००
- पेट्रोल: महिना ७,२०० प्रमाणे ४,३२,०००
- विमा, पुढची चार वर्षं: १,२०,०००
- सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी: ९०,०००
- फास्टॅग, पार्किंग, धुलाई: ६०,०००

एकूण १५,७३,०००. म्हणजे महिन्याला सुमारे २६,२०० रुपये, किलोमीटरला २९ रुपये.

आता यादी पुन्हा वाचा. आपण सगळी भांडणं मायलेजवर करतो. पण सगळ्यात मोठा आकडा कोणता? किमतीतली घट. पेट्रोल दुसऱ्या नंबरवर. म्हणून पाच वर्षांनी गाडी कितीला जाईल आणि सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे, हे मायलेजइतकंच महत्त्वाचं. फोर्डची इकोस्पोर्ट आठवा. २०१३ साली आली, लोकांना आवडली. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. कंपनी निर्णय घेते, गाडी मात्र आपल्या दारात उभी असते.

पायरी ७: गल्ल्याची परीक्षा

पाच वर्षांचा हिशोब झाला. पण दुकानदाराला दर महिन्याला रोख किती लागते, तो प्रश्न वेगळा. हप्ता १८,६८३, पेट्रोल ७,२००, विम्यासाठी बाजूला २,५००, सर्व्हिसिंगसाठी १,५००, इतर १,०००. झाले ३०,८८३. धरा ३१ हजार.

निव्वळ नफा १२ टक्के असेल तर ३१ हजार मिळवायला महिन्याला २ लाख ५८ हजारांची विक्री लागते. म्हणजे तेवढी विक्री दर महिन्याला फक्त गाडीसाठी. हा आकडा तुमच्या नफ्याच्या टक्क्याने काढा आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

मग सरावाचा हप्ता सुरू करा. गाडी घेण्याआधी तीन महिने, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ३१ हजार रुपये वेगळ्या खात्यात टाका. दिवाळीनंतर नको, तेव्हा सगळ्यांचाच गल्ला भरलेला असतो. तुमच्या मंदीच्या महिन्यांत टाका. हार्डवेअरवाल्यांना पावसाळ्यात बांधकामं थंडावलेली असतात, तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. तीन महिन्यांत एकदाही उधारी थकवावी लागली नाही, पुरवठादाराचं पेमेंट पुढे ढकललं नाही, तर गाडी परवडते. ढकलावं लागलं, तर लहान गाडी, जुनी गाडी किंवा एक वर्ष थांबणं. पैसे तर वाचलेलेच आहेत, डाउन पेमेंटला उपयोगी पडतील.

आणि डाउन पेमेंट कुठून आणायचं? कॅश क्रेडिटच्या मर्यादेतून नको. माल भरायच्या पैशातून नको. तीन लाखांचा माल वर्षात चार वेळा फिरत असेल तर १२ लाखांची विक्री होते, १२ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार नफा. ते तीन लाख गाडीत गेले की हा नफा दरवर्षी बंद. वरच्या १५,७३,००० मध्ये तो धरलेलाच नाही.

पायरी ८: तीन गैरसमज

'फर्मच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो.' नाही. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर सर्वसाधारण दुकानदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे किंवा ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे यांना सवलत आहे. तुम्ही त्यात नाही. शिवाय कंपनीच्या नावावर नोंदणी केली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स वैयक्तिक नावापेक्षा बराच जास्त बसतो.

'घसारा मिळतो, टॅक्स वाचतो.' मिळतो, पण किती ते बघा. गाडीवर घसारा १५ टक्के. १२ लाखांवर पहिल्या वर्षी १,८०,०००. त्या वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. शाळा आणि गावाकडच्या फेऱ्या धंद्याच्या नाहीत, म्हणून निम्मा वापर धंद्याचा धरला तर ९०,०००. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह १८,७२० रुपये वाचले. बारा लाख खर्चून! आणि तुम्ही अंदाजित उत्पन्न योजनेत, म्हणजे आपण जिला ४४एडी म्हणतो त्यात रिटर्न भरत असाल, तर घसारा आधीच धरलेला मानतात, वेगळा मिळत नाही. तुमच्या सीएंना हा एकच प्रश्न विचारून घ्या.

'मागची सीट पाडली की दुकानाचा मालही येईल.' इथे सगळ्यात जास्त जपा. खासगी गाडीच्या विम्यात वापराची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते: भाड्याने देणं नाही, आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक नाही. रंगाचे डबे आणि पाइप भरलेली गाडी ठोकली गेली तर दावा अडकू शकतो. अचानक ब्रेक लागला तर तेच डबे पुढच्या सीटवर येतात. माल न्यायला टेम्पो सांगा. घरची गाडी घरची राहू द्या.

पायरी ९: कोटेशन ओळीओळीने वाचा

दोन डीलरकडून लेखी कोटेशन घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर 'हे कशाचे?' असं विचारा. हँडलिंग चार्जेस, ॲक्सेसरीजचं पॅकेज, कोटिंग, यातलं बरंच काही ऐच्छिक असतं. विमा डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, बाकीचं कव्हर बाहेर विचारून तुलना करा. तुलना करताना आयडीव्ही सारखी आहे ना आणि झिरो डेप आहे की नाही, हे बघा. कर्जाची प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड, दोन्ही लेखी घ्या.

व्हेरिएंट निवडताना पैसे या क्रमाने घाला: आधी सुरक्षा, मग रोज चालवणाऱ्याची सोय, मग मागे बसणाऱ्यांची सोय, म्हणजे मागचे एसी व्हेंट वगैरे. सनरूफ शेवटी. मुलांना सनरूफ हवंच असतं, पण हप्ता मुलं भरत नाहीत!

या आठवड्याचा गृहपाठ

१. सात दिवसांची फेरीवही लिहा. शेवटी दोन ओळी काढा: रोजची फेरी आणि सगळ्यात अवघड फेरी.

२. तीन गाड्यांची नावं लिहा. त्यांतली एक, तुम्ही ठरवलेल्यापेक्षा दोन लाखांनी स्वस्त असायलाच हवी.

३. तिन्हींचा पाच वर्षांचा खर्च वरच्या सहा ओळींत मांडा आणि किलोमीटरचा भाव काढा.

४. महिन्याची रोख रक्कम काढा, तिला तुमच्या नफ्याच्या टक्क्याने भागा. किती विक्री लागते ते घरी सगळ्यांना दाखवा.

५. सरावाच्या पहिल्या हप्त्याची तारीख ठरवा.

हे सगळं करून जी गाडी उरेल ती घ्या आणि बिनधास्त घ्या. घरच्यांना आरामात, सुरक्षित फिरवणं ही काही चैन नाही, त्यासाठीच तर आपण सकाळी शटर उघडतो. फक्त गाडीच्या हप्त्यासाठी शटर उघडायची वेळ येऊ नये, एवढं बघा.

भेटूया पुढच्या धड्यात. तोवर वही भरा.